गार्डन कोच नेमकं काय करतो, आणि तुम्हाला त्याची गरज आहे का?

प्रश्न : तीन वर्षांपासून बाल्कनीत आणि गच्चीच्या एका कोपऱ्यात बाग करते आहे. व्हिडिओ पाहते, त्यात सांगितलेली खतं घालते. तरी टोमॅटोची फुलं गळतात, गुलाबाची पानं पिवळी पडतात आणि हौसेनं आणलेली रोपं महिन्या-दोन महिन्यांत जातात. घरच्या बागेसाठी वैयक्तिक मार्गदर्शन करणारे गार्डन कोच असतात असं कळलं. माळी आणि कोच यांत फरक काय? खरंच उपयोग होतो का? आणि घ्यायचं ठरवलं तर निवडायचा कसा?

उत्तर : उपयोग होतो. तुमच्या पहिल्याच तक्रारीवरून तो कुठे होतो ते सांगते.

टोमॅटोची फुलं गळण्याची कारणं अनेक आहेत. दिवसाचं तापमान ३२-३५ अंशांच्या वर गेलं किंवा रात्रीही गारवा मिळेनासा झाला, तर परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. रात्री १३ अंशांच्या खाली थंडी असेल तरीही फलधारणा अडते. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं तर झाड पानांनी डवरतं आणि फळं धरत नाही. ऊन कमी पडलं तर फूल येतं, पण ते पोसण्याइतकं अन्न झाडाकडे नसतं. कुंडी एकदा कोरडी ठाक आणि एकदा चिखल अशी होत असेल तरी फुलं जातात. बाल्कनी काचेनं बंद असेल तर वेगळंच कारण असतं: टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी भाग असतात, पराग झडायला फक्त हलणं लागतं, आणि बंद जागेत ना वारा असतो ना मधमाशी. अशा घरी सकाळी फुलांचा घोस बोटानं हलकेच टिचकावला तरी फळ धरतं.

लक्षण एक आणि कारणं सहा. कारणांप्रमाणे उपायही वेगळे, काही तर एकमेकांच्या उलट. व्हिडिओ करणारा माणूस त्याच्या बागेत जे कारण होतं त्याचा उपाय सांगतो, तोही प्रामाणिकपणे. तुमच्याकडे कारण दुसरंच असेल तर तोच उपाय तुमचं झाड मारू शकतो. नत्र जास्त झालेल्या झाडाला ‘फुलं गळतात ना, खत घाला’ म्हणून आणखी खत पडतं ते असंच. तुमच्या जागेत या सहांपैकी कोणतं कारण आहे हे शोधून काढणं, आणि पुढच्या वेळी तुमचं तुम्हालाच शोधता येईल असं शिकवणं, हे कोचचं काम.

माळ्याचं काम हातांचं असतं. तो येतो, खुरपतो, छाटतो, खत घालतो. चांगला माळी मोलाचा असतो, पण तो गेल्यावर बागेचं ज्ञान त्याच्याबरोबर जातं. बागेची रचना करणारे डिझायनर आराखडा देतात, झाडं लावून देतात आणि तिथून बाजूला होतात. कोच यातलं काही करत नाही. मी स्वतः कोच आहे, आणि माझा नियमच आहे की छाटणीची कात्री तुमच्या हातात राहील. मी फांदीकडे बोट दाखवेन, कुठल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, वर कापायचं ते सांगेन, का ते सांगेन, पण कापायचं तुम्ही. पहिल्या वेळी हात थरथरतो. दुसऱ्या वेळी माणूस स्वतःच म्हणतो, ‘ही आतल्या बाजूला वाढणारी फांदी काढू का?’ हा प्रश्न ऐकला की काम मार्गी लागलं असं मी समजते.

पहिल्या भेटीत लोकांना वाटतं की आता झाडांबद्दल बोलणं होणार. मी झाडांकडे सर्वांत शेवटी वळते. सुरुवात उजेडापासून होते, कारण घरच्या बागेतलं अपयश जास्तीत जास्त वेळा तिथे असतं आणि तिथे ते कोणी शोधत नाही. ‘आमच्याकडे भरपूर ऊन येतं’ हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरी ऐकते, आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. आपला डोळाच तसा आहे. बाहुली लहान-मोठी होते आणि मेंदू फरक भरून काढतो, त्यामुळे खोली आणि अंगण यांतला उजेड आपल्याला थोडासाच वेगळा वाटतो. मोजलं तर दुपारच्या थेट उन्हात साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, मोकळ्या सावलीत १० ते २० हजार, खिडकीजवळ पण ऊन न पडणाऱ्या जागी हजार-दोन हजार, आणि खोलीच्या मध्यावर काही शेच. झाड याच उजेडातून अन्न तयार करतं. वाचायला पुरेसा असलेला उजेड मिरचीला उपासमारीचा असू शकतो. फोनवरचं लक्स मोजणारं अ‍ॅप फार अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला चालतं.

म्हणून मी भेटीआधीच एक काम देते. एका निरभ्र दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर दोन तासांनी त्याच जागेवरून बागेचा फोटो काढायचा. सहा-सात फोटो होतात. ते ओळीनं पाहिले की कुठल्या कुंडीवर थेट ऊन किती तास पडतं ते दिसतं. थेट उन्हाचे सहा किंवा जास्त तास मिळत असतील तर टोमॅटो, मिरची, वांगी, गुलाब यांचा विचार करायचा. तीन-चार तास असतील तर पालेभाज्या, पुदिना, कोथिंबीर. त्याहून कमी असेल तर पानांच्या शोभेची झाडं. बहुतेकांची अर्धी बाग या एका दिवसाच्या फोटोंनंतर जागा बदलते आणि त्यासाठी एकही नवी वस्तू आणावी लागत नाही.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. उत्तरायण आणि दक्षिणायन यांच्या दोन टोकांमध्ये सूर्याच्या मार्गात सुमारे ४७ अंशांचा फरक पडतो. जूनमध्ये उन्हात न्हाणारा कोपरा डिसेंबरमध्ये भिंतीच्या सावलीत जाऊ शकतो, आणि उलटही. त्यामुळे ‘हे झाड गेल्या मोसमात इथेच छान होतं, आता काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा आकाशात असतं. फोटोंचा हा दिवस वर्षातून निदान दोनदा करायला हवा. तुम्ही तीन वर्षं बाग करता आहात, म्हणजे तीन वर्षांचे फोटो फोनमध्ये असतीलच. कोणत्या महिन्यात कुठे सावली होती ते त्यांतूनही निघेल. मी हे जुने फोटो आवर्जून मागते.

उजेडानंतर माणूस. तुम्ही सकाळी किती वाजता घराबाहेर पडता? घरात आणखी कोणाला झाडांची आवड आहे? गावाला गेलात तर पाणी कोण देतं? गुडघे, कंबर यांचा त्रास आहे का? हे प्रश्न खासगी वाटतात, पण यांच्या उत्तरांवरच बाग टिकते. रोज पंधरा मिनिटं देणाऱ्या माणसाची बाग आणि रविवारी चार तास देणाऱ्याची बाग एकसारखी असूच शकत नाही. कुंडीतला पालक उन्हाळ्यात रविवारची वाट पाहत नाही. रविवारवाल्याला मी मोठ्या कुंड्या, जाड आच्छादन (मातीवर पसरलेला पाचोळ्याचा थर), पाणी कमी लागणारी झाडं आणि शक्य असेल तर टायमरवरचं ठिबक सुचवते. वाकता येत नसेल तर कुंड्या कमरेच्या उंचीवर आणते. झाडासाठी माणसानं स्वतःला बदलायचं, असा सल्ला मी देत नाही. तो महिनाभर पाळला जातो, नंतर सुटतो, आणि माणूस आपल्यालाच दोष देत बसतो.

गच्चीबद्दल एक धोक्याची सूचना. ओल्या मातीचं वजन लोकांना माहीत नसतं. एक चौरस मीटर जागेत ३० सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर म्हणजे ३०० लिटर माती, आणि पाणी भरल्यावर ती सुमारे अर्धा टन भरते. वाफा मोठा करायचा असेल तर परवानगी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्यायची. हा निर्णय कोचनं देऊ नये आणि तुम्ही त्याच्याकडून घेऊ नये. कुंड्या भिंतींच्या किंवा तुळयांच्या कडेनं ठेवणं आणि नुसत्या मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण वापरणं, एवढं तर सगळ्यांनीच करावं.

आता पाणी आणि माती. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

कुंडीतली रोपं जातात त्यातली बरीच पाणी जास्त झाल्यानं जातात, हे तुम्ही ऐकलं असेल. पण का, हे कळल्याशिवाय हात आवरत नाही. मुळांना श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि त्या हवेतला ऑक्सिजन मुळं घेतात. पोकळ्या पाण्यानं भरल्या की ऑक्सिजन मुळांपर्यंत पोचत नाही, कारण पाण्यातून तो हवेच्या मानानं सुमारे १० हजार पट हळू पसरतो. मुळं गुदमरतात, कुजायला लागतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग पानं मलूल होतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून तो आणखी पाणी घालतो. माती ओली असताना झाड मान टाकत असेल, तर झारी लगेच खाली ठेवायची आणि मुळं बघायची. निरोगी मुळं पांढरट आणि घट्ट असतात, कुजलेली तपकिरी, लिबलिबीत आणि वास येणारी.

याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट कुंडीच्या तळाची आहे. भरपूर पाणी देऊन निथळू दिलं तरी तळाशी एक थर पूर्ण ओला राहतोच, कारण बारीक पोकळ्यांमधलं पाणी गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. या थराची उंची मिश्रण किती बारीक आहे त्यावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. भांडी घासायचा स्पंज पाण्यानं पूर्ण भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. उथळ कुंडी म्हणजे आडवा स्पंज: तेच मिश्रण, तेच पाणी, पण मुळांच्या वाट्याला येणारा ओला भाग जास्त. म्हणूनच लहानसं रोप मोठ्या पसरट कुंडीत लावलं तर ते सडण्याची शक्यता वाढते.

आणि म्हणूनच तळाशी खडी किंवा फुटकी कौलं घालण्यानं निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत लगेच उतरत नाही. वरची माती पूर्ण भरल्यावरच ते खाली जातं. म्हणजे खडी घातली तर ओला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि मी ती मोडायला सांगते तेव्हा अनेकांना पटत नाही. वाद घालण्यापेक्षा दोन सारख्या कुंड्या भरून बघा, एक खडीची आणि एक बिनखडीची. छिद्रावर जाळीचा तुकडा ठेवला की माती वाहून जात नाही, एवढंच पुरे. निचरा सुधारायचा तर पूर्ण मिश्रणच मोकळं करावं लागतं.

मिश्रणाचं प्रमाण मात्र मी इथे देणार नाही. तुमचं शेणखत किती कुजलेलं आहे, कोकोपीट किती बारीक आणि किती धुतलेलं आहे, तुमच्या भागातली माती चिकट की वाळूसर, यावर ते बदलतं. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातल्या क्षारांनी रोपांच्या पानांच्या कडा करपू शकतात. प्रमाणापेक्षा परीक्षा शिका. भरपूर पाणी दिल्यावर वर डबकं साचून राहत नाही ना? काही मिनिटांत तळातून निथळतं ना? दुसऱ्या दिवशी मूठभर मिश्रण दाबलं तर ढेकूळ होतं, पण बोट लावताच फुटतं ना? या तिन्हींना होकार असेल तर मुळांभोवती वाफसा, म्हणजे ओलावा आणि हवा दोन्ही, टिकतो आणि मिश्रण योग्य आहे असं समजा.

कोणाकडे अंगण असेल आणि जमिनीत लावायचं असेल तर खड्ड्याची चाचणी करा. ३० सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते मोजपट्टीनं पाहा. अडीच ते साडेसात सेंटिमीटर असेल तर उत्तम. त्याहून कमी असेल तर उंच वाफे करणं शहाणपणाचं. माती कोणत्या जातीची आहे हे बरणीत कळतं. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात. थरांची जाडी बघितली की सगळा अंदाज येतो. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर बहुतेक भाज्या खूश असतात.

पाणी किती दिवसांनी द्यायचं, या प्रश्नाला आकड्यात उत्तर देणारा कोच असेल तर त्याला आणखी चार प्रश्न विचारून बघा. कुंडीचं आकारमान, झाडाचा विस्तार, वारा, ऊन आणि मिश्रण यांवर ते रोज बदलतं. मी शिकवते ते असं: बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, आणि कुंडी उचलण्याजोगी असेल तर किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्या. पाणी दिल्यावरचं वजन आणि कोरडी झाल्यावरचं वजन हाताला दोन-तीन आठवड्यांत पाठ होतं. मग वेळापत्रक लागत नाही.

तुमच्या गुलाबाकडे येते. ‘पानं पिवळी पडतात’ एवढ्या माहितीवर औषध देणारे पुष्कळ आहेत. मी आधी विचारेन, कुठली पानं? खालची जुनी की वरची नवी? झाड नत्र एका पानातून दुसऱ्या पानात हलवू शकतं. त्यामुळे नत्र कमी पडलं की ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं आणि जुनी पानं सर्वांगानं फिकी पडतात. लोह असं हलवता येत नाही, म्हणून लोहाची कमतरता नव्या पानांत दिसते, पान पिवळं आणि शिरा हिरव्या. मॅग्नेशियममध्येही शिरांमधला भाग पिवळा होतो, पण जुन्या पानांत. लोहाच्या बाबतीत बऱ्याचदा मातीत लोह असतंच, फक्त सामू साडेसातच्या वर गेल्यानं किंवा मुळं पाण्यात बुडाल्यानं झाडाला ते घेता येत नाही. तिथे लोहाचं टॉनिक ओतण्याऐवजी पाणी आणि सामू सुधारायला हवा. पिवळेपणासोबत काळे डाग असतील तर बुरशी. पानाच्या मागे बारीक जाळी आणि पुढे फिकट ठिपके असतील तर लाल कोळी, ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड. आणि नुसती अगदी तळाची दोन-चार पानं अधूनमधून पिवळी होऊन गळत असतील तर काहीच झालेलं नाही, ती म्हातारी झाली आहेत.

टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडणं हेही असंच फसवं. कॅल्शियम कमी, असं कळतं आणि लोक अंड्याची टरफलं पुरतात. टरफलं विरघळायला फार वेळ लागतो, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर जातं, म्हणून पाणी अनियमित झालं की फळापर्यंत पोचत नाही. उपाय म्हणजे ओलावा एकसारखा ठेवणं आणि आच्छादन करणं.

किडींच्या बाबतीत माझा आग्रह आहे की फवारणीआधी ओळख पटवावी. लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी काळपट, लांबट, काटेरी आणि नारिंगी ठिपक्यांची असते, दिसायला अगदी भयंकर. ती मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) खाते. घाबरून माणसं तिलाच मारतात आणि आठवड्यानं माव्यानं शेंडे भरले म्हणून औषध आणतात. मावा कोवळ्या शेंड्यावर असेल तर पाण्याच्या जोरदार धारेनं दोन-तीन दिवसांआड धुतला तरी बराच आटोक्यात येतो. निंबोळी तेल चांगलं आहे, पण ते लगेच मारत नाही. त्यातलं अझाडिरेक्टिन किडीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं, त्यामुळे परिणाम दिसायला काही दिवस जातात. संध्याकाळी फवारायचं, कडक उन्हात नाही, आणि आधी एका फांदीवर करून पाहायचं. पिठ्या ढेकूण पुन्हा पुन्हा येत असतील तर मुंग्यांकडे बघा, त्या त्यांना राखतात.

आणलेली रोपं महिन्या-दोन महिन्यांत जातात असं तुम्ही लिहिलं आहे. रोपवाटिकेत ती शेडनेटखाली, ठरावीक पाण्यावर आणि नियमित खतावर वाढलेली असतात. तिथून थेट गच्चीच्या उन्हात ठेवली तर पानं भाजतात. सात ते दहा दिवस सावलीतून हळूहळू उन्हात सरकवा. पिशवीतून काढल्यावर मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर ती बोटांनी मोकळी करा, नाहीतर ती तशीच फिरत राहतात आणि नव्या मातीत शिरत नाहीत. आणल्या दिवशी खत देऊ नका.

या सगळ्यात शिस्त एकच पाळायला लावते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दहा-पंधरा दिवस थांबा. जागा, पाणी, खत आणि औषध एकाच रविवारी बदललं तर झाड सुधारलं तरी कशानं ते कळत नाही. बिघडलेलं पान बहुधा परत पूर्वीसारखं होत नाही, म्हणून निकाल नव्या पानात वाचायचा. एक वही ठेवा. तारीख, काय बदललं, काय दिसलं, इतकंच. दोन ओळी पुरतात. कोचबरोबरच्या पुढच्या भेटीत त्या वहीइतकं उपयोगी काही नसतं.

मार्गदर्शन घरी येऊन घ्यावं की ऑनलाइन? पहिली भेट शक्यतो प्रत्यक्ष असावी. वारा, भिंतीची धग, मातीचा वास कॅमेऱ्यातून येत नाही. नंतरच्या भेटी व्हिडिओ कॉलवर चांगल्या चालतात. फोटो पाठवताना पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची मागची बाजू, मातीचा पृष्ठभाग, कुंडीचं तळातलं छिद्र आणि लांबून दिसणारी आजूबाजूची जागा, असे सगळे पाठवा, दिवसाउजेडी. फक्त रोगट पानाचा जवळून काढलेला फोटो पाहून खात्रीनं निदान करणं मलाही जमत नाही. झाड ओळखणारी अ‍ॅप्स नाव सांगायला बरी आहेत, पण रोगनिदानासाठी त्यांच्यावर विसंबू नका, कारण त्यांना तुमची झारी दिसत नाही.

एकच भेट घ्यायची की वर्षभर? एका भेटीत जागा आणि मिश्रण सुधारतं. पण छाटणी, पेरणीची वेळ, किडीचा हंगाम हे त्या त्या वेळीच शिकता येतं. माझ्या मते महिन्यातून एकदा, एक पूर्ण वर्ष, हे योग्य. सगळे ऋतू एकदा पाहून होतात. त्यानंतर मार्गदर्शन बंद व्हायला हवं. दोन-तीन वर्षांनंतरही तुम्हाला दर आठवड्याला कोचला विचारावं लागत असेल तर त्यानं तुम्हाला शिकवलेलं नाही.

निवडताना पदवी बघा, पण तिच्यावर थांबू नका. बागकामाचा सल्ला देण्याची एक जुनी, चांगली परंपरा आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाकडे घरगुती बागांचे इतके प्रश्न येऊ लागले की अधिकारी पुरेनात. मग त्यांनी नागरिकांना प्रशिक्षण दिलं आणि बदल्यात त्यांच्याकडून ठरावीक तास स्वयंसेवा घेतली. ‘मास्टर गार्डनर’ नावाचा तो कार्यक्रम नंतर इतरत्र पसरला. असं प्रशिक्षण घेतलेला माणूस मिळाला तर पाया पक्का असतो. पण वनस्पतिशास्त्र उत्तम येणारा माणूस शिकवायला अधीर असू शकतो, आणि कुठलंही प्रमाणपत्र नसलेली पण वर्षानुवर्षं स्वतः कुंड्यांत बाग करणारी बाई अप्रतिम शिकवू शकते.

मी तरी पहिल्या फोनवर हे ऐकेन: तो किती प्रश्न विचारतो? दिशा, उन्हाचे तास, पाणी कोण देतं, हे न विचारता झाडांची यादी सांगू लागला तर ती यादी तो सगळ्यांनाच देतो. खतं, कुंड्या, औषधं स्वतःच विकत असेल तर सल्ला आणि विक्री यांचे पैसे वेगळे आहेत का ते स्पष्ट विचारा. विकणं गैर नाही, पण प्रत्येक अडचणीचं उत्तर त्याच्या बाटलीत सापडत असेल तर सावध व्हा. ‘शंभर टक्के झाडं जगतील’ अशी हमी देणारा नको. त्याच्या स्वतःच्या बागेचे फोटो बघण्यापेक्षा त्यानं ज्यांना शिकवलं त्यांच्या बागा वर्षभरानं कशा आहेत ते विचारा. आणि ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही’ असं तो कधी म्हणतो का ते पाहा. मोठ्या झाडाची धोकादायक फांदी, जुना रंग दिलेल्या भिंतीच्या किंवा कारखान्याच्या शेजारच्या मातीत शिसं असण्याची शंका, झपाट्यानं पसरणारा मर रोग, यांसाठी वृक्षतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा असतात. चांगला कोच तुम्हाला तिकडे पाठवतो.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. कोणाला बोलावण्याआधी एक महिना घ्या. पहिल्या निरभ्र दिवशी फोटो काढा. टोमॅटोला थेट ऊन सहा तासांपेक्षा कमी मिळत असेल तर त्याची जागा बदला, तशी जागाच नसेल तर तिथे पालेभाजी लावा. गुलाबाची कोणती पानं पिवळी होतात ते वहीत लिहा, आणि कुंडीतून मातीसकट बाहेर काढून मुळं एकदा बघा. महिनाभर कोणतंही नवीन खत घालू नका आणि नवीन रोप आणू नका. एवढ्यानं तुमच्या तीनपैकी एखादी तक्रार आपोआप सुटेल असा माझा अंदाज आहे. ज्या उरतील त्या फोटो आणि वहीसह कोचसमोर ठेवा. ओळखी करून घेण्यात जाणारी पहिली भेट मग थेट कामाची होईल, आणि समोरचा कितपत जाणकार आहे हेही तुम्हाला त्याच दिवशी त्याच्या प्रश्नांवरून कळेल.